दोन तास आधी पोचलेलं पाणी

१

इंजिनीयर शशिकांत तिवारीला विहिरीतून वर काढायला चार माणसं आणि पाऊण तास लागला. तो डोकं खाली, पाय वर असा अडकला होता. दोर ओढला तेव्हा त्याच्या खांद्याची कातडी काँक्रीटला चिकटून राहिली. वर आल्यावर सगळ्यांना दिसलं की डोक्याची मागची बाजू आत गेली आहे. पायऱ्यांवर लोखंडी पहार पडली होती, रक्तासकट. ती धुवायचेही कष्ट कोणी घेतले नव्हते.

ही विहीर पाणी भरायची नव्हे. कनेरा नदीच्या काठी, खिरिया गावाच्या खाली, काँक्रीटचा एक उभा नळ आहे, माणूस जेमतेम मावेल एवढा. तळाच्या पाइपातून नदीचं पाणी आत येतं आणि त्यावर एक तरंगा असतो. नदी चढली की तरंगा चढतो. वरच्या खोलीतलं यंत्र दर पाच मिनिटांनी तो आकडा उपग्रहावरून झाशीला आणि लखनौला पाठवतं. कनेरा खोऱ्यात अशी अकरा ठाणी आहेत. झाशीच्या नियंत्रण कक्षात एसीत बसून माणसं अख्खी नदी भिंतीवर बघतात.

मी विद्याधर लघाटे. वय एकाहत्तर. सिंचाई खात्यात अडतीस वर्षं नदीची उंची डोळ्यांनी वाचली, पावसात छत्री धरून आणि थंडीत घोंगडी पांघरून. या यंत्रांवर माझा राग आहे आणि तो मी लपवत नाही. रविवारी दुपारी माझी पुतणी अनुसूया मला घरातून उचलून इथे घेऊन आली, कारण ती पोलीस इन्स्पेक्टर असली तरी तिला तरंगा आणि तराफा यातला फरक कळत नाही.

"काका, टाइम ऑफ डेथ यंत्रानेच सांगितलाय," ती म्हणाली. "काल दुपारी सव्वाचारला आकडा एकदम वर उडाला. बॉडी आत पडली तेव्हा. तेव्हा इथे एकच माणूस दिसला होता."

"कोण?"

"लक्ष्मण रायकवार. सिमरा बंधाऱ्याचा गेटवाला. त्याला धरायला मी गेले, पण माझ्याआधी तिवारीचे भाऊ पोचले."

२

तिवारीचे दोन भाऊ झाशीच्या दतिया गेटहून आठ जणांना घेऊन मोटारसायकलींवर निघाले होते. लक्ष्मण बंधाऱ्यावर आंघोळ करत होता. त्यांनी त्याला ओल्या अंगाने ओढलं आणि गेटच्याच साखळीने मारलं. डावा हात कोपरातून मोडला, तीन दात गेले, एका कानाने आता त्याला ऐकू येत नाही. अनुने हवेत गोळी झाडली नसती तर त्याला बंधाऱ्यावरून खाली टाकणार होते.

आता तो इस्पितळात होता आणि भाऊ वॉर्डाबाहेरच्या बाकावर ठाण मांडून बसले होते.

"उद्या सकाळी त्याला कोर्टात न्यायचंय," अनु जीप चालवता चालवता म्हणाली. "वॉर्डाच्या दारापासून गाडीपर्यंत साठ पावलं आहेत. माझ्याकडे सहा शिपाई. खरं सांगू काका? मला नाही वाटत तो गाडीपर्यंत पोचेल."

"भावांना सव्वाचारचं कळलं कसं?"

"ग्राफ मोबाईलवर फिरतोय. सकाळी नऊपासून. अख्ख्या झाशीने बघितलाय."

नियंत्रण कक्षात तोच ग्राफ भिंतभर लावलेला होता. त्याच्यासमोर रमाकांत सप्रे उभा होता, कक्षाचा प्रमुख. झाशीतल्या आमच्या दीडशे मराठी घरांपैकी एक घर सप्र्यांचं. हा पोरगा कॉलेजात असताना दोन उन्हाळे माझ्या हाताखाली होता. सिमऱ्याचं पाणी खिरियाला किती वेळात चालत येतं, हे मी त्याला काठाने चालवून शिकवलं होतं. एक तास चाळीस मिनिटं. त्यानेही ते चप्पल तुटेपर्यंत शिकून घेतलं होतं. निवृत्तीनंतर मी दर दोन दिवसांनी त्याच्या कक्षात चहाला जातो. पडद्याला नावं ठेवणं आणि भोंगा वाजला की हसणं हा माझा ठरलेला कार्यक्रम. पुराचा इशारा देणारा तो भोंगा डुक्कर पाण्यात उतरलं तरी कोकलतो.

रमाकांतचे डोळे लाल होते. "काका, शशी माझा उजवा हात होता," तो म्हणाला आणि त्याने माझा खांदा घट्ट धरला. मी त्याची पाठ थोपटली.

मग त्याने ग्राफ समजावला. शनिवारी सकाळी आठपासून खिरियाची अँटेना बंद होती. अँटेना बंद पडली की यंत्र आकडे पोटात साठवतं आणि जोडणी झाली की सगळे एकदम ओततं. शशिकांत दुपारी ती दुरुस्त करायला गेला होता. संध्याकाळी साडेसहाला दिवसभराचे आकडे एकदम आले. दुपारी एक चाळीसला पाणी वीतभर चढलेलं. सव्वाचारला आकडा वर उडालेला. साडेचार ते साडेसहा कोरं. पुढे सरळ रेघ, कारण तरंगा प्रेताखाली दबला होता.

"हे मधलं कोरं का?" अनुने विचारलं.

"धक्क्याने तार ढिली झाली असेल. मग आपोआप लागली."

"आणि एक चाळीसला पाणी का चढलं?"

रमाकांतने एक वही पुढे टाकली. सिमरा बंधाऱ्याची, लक्ष्मणच्या हातची. तीत लिहिलं होतं: गेट दोन चक्कर उघडलं, दुपारी दोन वाजता. "बघा. दोनला उघडलं म्हणतो आणि पाणी एक चाळीसलाच पोचतं. एक तास चाळीस मिनिटं मागे जा. याने बाराला उघडलंय, परवानगीशिवाय, आणि वहीत खोटं लिहिलंय. शशीने त्याची तक्रार केली होती याच गोष्टीसाठी. त्याचाच राग."

हिशेब बिनचूक होता. माझाच शिष्य. मी मान डोलावली, आणि त्या मान डोलावण्याची मला आजही लाज वाटते.

"शनिवारी सव्वाचारला तुम्ही कुठे होतात?" अनुने विचारलं. ती कोणालाही विचारते, मलाही विचारलं असतं.

"इथेच. तीन ते पाच लखनौबरोबर मीटिंग होती, व्हिडिओवर. दहा माणसं साक्षीला आहेत." तो किंचित हसला. "सगळ्यांचे चेहरे रेकॉर्ड झालेत."

३

वॉर्डात रक्ताचा आणि फिनेलचा वास होता. लक्ष्मणच्या तोंडातून शब्दांबरोबर लाळ गळत होती.

"दो बजे खोलो तो, कक्का," तो आईची शपथ घेऊन मला म्हणाला. "बऊ की सौं. मोबाइल देख कें लिखो तो."

"बिना ऑर्डर के क्यों खोला?" अनुने विचारलं.

तो चांगल्या कानाची बाजू वळवून बोलला. गाववाल्यांनी पाणी मागितलं होतं. दरवर्षी मागतात. त्याचे वडील द्यायचे, आजोबा द्यायचे. हे कोणत्या कागदावर नसतं. गेट उघडून तो सायकलने खिरियाला बहिणीकडे निघाला. चारच्या सुमाराला ठाण्यावरून गेला. तिवारी कुलूपबंद खोलीच्या पायऱ्यांवर बसला होता, जिवंत, कोणाची तरी वाट बघत. लक्ष्मणने त्याला बिडी दिली. मग रात्री आठपर्यंत तो बहिणीच्या अंगणात होता, सगळ्या गावासमोर.

"और तिवारीजी ने तुम्हारी शिकायत की थी?"

"करी ती. फिर खुदई बोले, लछमन, लिखबो तौ मोरी नौकरी है. बुरो न मानियो."

एवढ्यात बाहेर काच फुटली. तिवारीचा धाकटा भाऊ अर्धी वीट हातात घेऊन दारातून आत घुसला. शिपाई बाजूला फेकला गेला. वीट लक्ष्मणच्या डोक्यावर जायची ती पलंगाच्या दांडीवर बसली आणि तिच्या चिपा माझ्या तोंडावर उडाल्या. अनुने त्याच्या मनगटावर दंडुका हाणला. हाड मोडल्याचा आवाज मी स्वच्छ ऐकला. तो खाली बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. "मेरा भाई उल्टा लटका था, मैडम. उल्टा."

त्या पोराचा मला राग आला नाही, हे खरं.

खाली जीपपाशी शिवाजी कदम उभा होता, बबीन्याच्या लष्करी छावणीतून निवृत्त झालेला हवालदार, मूळचा साताऱ्याकडचा, आता नदीवरच्या ठाण्याचा रखवालदार. प्रेत पहिल्यांदा त्यानेच पाहिलं. आठ दिवसांपूर्वी तिवारीच्या कानफटात मारली होती, हे त्याने न विचारताच सांगून टाकलं.

"ड्यूटीवर झोपलो म्हनून साहेबाला फोटू धाडला त्यानं. मारली एक. पर जीव घ्याया काय झालं?"

"शनिवारी दुपारी कुठे होतास?" अनुने विचारलं.

"घरी. बबीन्याला. सकाळी सप्रेसाहेब आलं हुतं, आठाला. मला म्हनलं, कदम, तू भाईर थांब, मी मशीन साफ करतो. अर्धा तास आतच. निघताना म्हनलं, आज सणाचा दिस, दुपारी दोनला जा घरी. म्या गेलो." तो घुटमळला. "साक्षीला बायको हाय फकस्त. इमला."

अनुने ते वहीत उतरवून घेतलं. मी गाडीत बसून चेहऱ्यावरची विटेची भुकटी पुसत होतो.

४

सोमवारी सकाळी कोर्टाला अजून तीन तास होते. अनु रात्रभर झोपली नव्हती. तिने माझ्या जेवणाच्या मेजावर प्लास्टिकची पिशवी ठेवली. कमलने, माझ्या बायकोने, चहाचा कप लगेच लांब सरकवला.

"तिवारीच्या शर्टाच्या खिशातलं. खिशाला बटण होतं म्हणून राहिलं. डॉक्टर म्हणतो नदीतलं गवत."

रुमालाच्या गाठीत पिवळट, बोटभर लांब, ओली पाती होती. मुळं तोडलेली. मी चष्मा लावला, आणि माझ्याआधी कमलच बोलली.

"गवत कसलं? भुजरिया आहेत या. परवा राखीचा दुसरा दिवस नव्हता का? मला पण शेजारच्या शर्मीण बाईंनी आणून दिल्या. देवापाशी आहेत."

आम्ही सहा पिढ्या झाशीत आहोत. मंगळागौर आमची, भुजरिया त्यांच्या, पण कानामागे खोचून आम्हीही घेतो. श्रावणात बायका द्रोणात गहू नाहीतर जव पेरतात आणि अंधारात वाढवतात. राखीच्या दुसऱ्या दिवशी वाजतगाजत घाटावर नेतात. द्रोण नदीत सोडतात, पाती तोडून घेतात आणि मग घरोघर, ओळखी-अनोळखी सगळ्यांना वाटतात. सोडण्याआधी कोणी तोडत नाही. एक पातंसुद्धा.

"अनु," मी म्हणालो, "हा माणूस विसर्जनानंतर जिवंत होता."

"विसर्जन किती वाजता झालं?"

"ते पाणी किती वाजता आलं त्यावर," मी म्हणालो आणि म्हणता म्हणता उभाच राहिलो. इकडच्या भाद्रपदाच्या तोंडाला, सिमऱ्याचं गेट बंद असलं की, कनेरेचा घाट कोरडा असतो. लक्ष्मणने पाणी सोडलं ते कशासाठी, हे विचारायचं आम्हाला सुचलंच नव्हतं.

५

खिरियात दारं बंद होती. लक्ष्मणला मारलेलं सगळ्यांनी पाहिलं होतं. एकच बाई ओट्यावर बसून राहिली. शारदा. चाळिशीची, पण दिसायला माझ्या वयाची. गेल्या वर्षीच्या पुरात तिची मुलगी लीला वाहून गेली होती, आणखी तिघांबरोबर. तेव्हा सगळ्यांनी सांगितलं की इशारा आलाच नाही, नेटवर्क नव्हतं. मीही तेच सांगत फिरलो होतो, यंत्रांना नावं ठेवायला मला तेवढंच निमित्त.

अनुने रुमाल दाखवला.

"हमई ने दई तीं," शारदा म्हणाली. "लीला के नाव की बोई तीं. इंजीनियर भैया मशीन वारे चबूतरा पे बैठे ते, कान में खोंसन लगीं तौ बोले, अम्मा, गिर जैहें, जेब में धर देओ."

"कितने बजे?"

"घाट सें लौटे ते. दिन डूबबे खों हतो. साढ़े पाँच, पौने छै."

"तो किसी को बताया क्यों नहीं?"

तिने अनुकडे असं पाहिलं की माझी मान खाली गेली. "हमसें कोऊ ने पूछी?"

"और क्या बोले थे तिवारीजी?"

"बोले, अम्मा, बाढ़ के दिन मशीन ने हल्ला करो तो. काऊ ने ऊको मों बंद कर दओ. मशीन के पेट में सब लिखो है. सोमवार खों लखनऊ जैहै." तिने पदर तोंडाला लावला. "आज सोमवार है."

शेजारच्या मास्तरीणबाईंनी दार किलकिलं केलं. घाटाचं काही आहे का, असं अनुने विचारल्यावर त्यांनी मोबाईल पुढे केला. व्हिडिओ होता. कोरड्या खडकांवर बायका द्रोण घेऊन बसलेल्या, गाणी म्हणून थकलेल्या, आणि वळणावरून पाण्याची जीभ येते तसा एकच गलका. कोणीतरी ओरडतं, "आ गओ, आ गओ!" मोबाईलवर वेळ होती तीन एक्केचाळीस.

मी तिथेच ओट्यावर बसलो. घाटापासून ठाणं अर्धा किलोमीटर.

"काका, बरं वाटत नाहीये का?"

"दोनला गेट. तीन एक्केचाळीसला पाणी. एक तास चाळीस मिनिटं. लक्ष्मणची वही खरी आहे, पोरी. खोटं यंत्र बोललंय. यंत्र म्हणतं पाणी एक चाळीसला आलं. बरोबर दोन तास आधी."

"म्हणजे सव्वाचार..."

"सव्वासहा होते. कोणीतरी यंत्राचं घड्याळ दोन तास मागे केलं होतं. आणि काम झाल्यावर साडेसहाला परत पुढे सरकवलं. ते साडेचार ते साडेसहा कोरं आहे ना? ते दोन तास त्या यंत्राने जगलेच नाहीत. तार आपोआप लागली म्हणे! सव्वाचारला मेलेला माणूस अँटेना दुरुस्त करील का? ती साडेसहाला जोडली ती जिवंत माणसाने."

अनु हळू आवाजात बोलली. "घड्याळ मागे सकाळी आठला झालं असणार. अँटेना बंद पडली तेव्हा. कदमला बाहेर उभं करून."

"लखनौला विचार. घड्याळ आठाचं सहा केलं असेल तर सहा ते आठचे आकडे दोनदा लिहिलेले असतील."

लखनौहून आकडे मोबाईलवर यायचे तर रेंजसाठी गावाबाहेर टेकडीवर जावं लागतं. अनु गेली. मी तिला सांगितलं की मी ठाण्यावर थांबतो. टेकडीवरून परत येताना तिथे जीप थांबव. आणखी एक गोष्ट मी केली, ती तिला सांगितली नाही. मास्तरीणबाईंच्या घरातल्या तारेच्या फोनवरून रमाकांतला फोन लावला. तो बबीन्यापर्यंत आलाच होता, ठाण्याची मोडतोड बघायला.

"ये," मी म्हणालो. "एक आकडा मला समजत नाहीये."

मला त्याच्या तोंडून ऐकायचं होतं. म्हातारपणी माणूस हट्टी होतो, आणि मूर्खही. त्याने सांगितलं असतं की काका, तुमचं चुकतंय, तर मी आनंदाने चुकलो असतो.

६

ऊन कडक होतं. पायऱ्यांवरचं रक्त काळं पडलं होतं आणि त्यावर माश्या होत्या. रमाकांत खोलीत आला, माझ्या पाया पडला, नेहमीसारखा. मी त्याला व्हिडिओची वेळ सांगितली. मग लक्ष्मणची वही. मग भुजरिया.

त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. चांगला विद्यार्थी होता तो.

"दहा जणांसमोर बसलो होतो मी," तो म्हणाला. "लखनौच्या रेकॉर्डला इथून कोणाला हात लावता येत नाही, म्हणून घड्याळच फिरवलं. सगळं बसलं होतं. हे पाणी कुठून आलं तेवढं मला रविवारी सकाळी कळलं. ते पण लक्ष्मणच्या गळ्यात बसवलं."

"मी तुला पाणी किती वेळात चालतं ते शिकवलं. घाटावर कोण बसलंय ते आधी विचार, हेही शिकवलं होतं."

"तुम्ही आणखीही शिकवलंत." त्याचा आवाज एकाएकी चढला. "गेल्या वर्षी, बावीस ऑगस्ट. दुपारचा चहा. भोंगा वाजला. तुम्ही काय म्हणालात, आठवतं? 'बंद कर रे त्याचं तोंड, डुक्कर उतरलं असेल.' तुम्ही हसलात. मी पण हसलो. आणि बटण दाबलं. खिरियाचा होता तो भोंगा, काका! शशीला ते यंत्राच्या पोटात सापडलं. तारीख, वेळ, माझं नाव. तुमचं नाव यंत्रात नसतं ना. तुम्ही नुसते चहाला येता."

तो चहा मला आठवत नव्हता. असे चहा शंभर झाले होते.

त्याने माझी गचांडी धरली. एकाहत्तर वर्षांचं माझं अंग त्याने एका हाताने उचललं आणि विहिरीच्या तोंडावर आपटलं. बरगडी तुटली, दुसरी तुटली. खाली काळं पाणी दिसत होतं. मी कठडा धरला तर त्याने बुटाच्या टाचेने बोटं ठेचली, एकेक करून, आणि रडत होता. "सोडा ना काका. सोडा." शशिकांतलाही असंच सांगितलं असेल काय, असं माझ्या मनात आलं. पण त्याला तर मागून मारलं होतं.

मग एक सुका कडकडाट झाला आणि रमाकांतचा पाय गुडघ्यातून उलट्या बाजूला वाकला. कदमची लाठी होती. तो मागून आला होता, त्याला कोणी ड्यूटीवर बोलावलंही नव्हतं. दुसरा वार जबड्यावर बसला. तिसरा डोक्यात बसला असता, पण मीच ओरडलो, "बस, कदम! बस!"

"ह्यो म्हनला, तू भाईर थांब," कदम लाठी खाली टेकवत म्हणाला. "सणाचा दिस हाय, घरी जा म्हनला. म्या गेलो बी."

अनु धावत पायऱ्या उतरली तेव्हा तिच्या हातात फोन होता. सहा ते आठ, दोनदा. लखनौने सांगितलं होतं.

लक्ष्मणला त्या दिवशी कोर्टात न्यावं लागलं नाही. तिवारीच्या थोरल्या भावाने वॉर्डाबाहेरचा बाक सोडला, आत जाऊन पलंगाच्या पायाशी उभा राहिला आणि निघून गेला. लक्ष्मणचा हात सरळ होत नाही. गेटचं चाक आता तो एका हाताने फिरवतो.

मी जबाबात सगळं लिहून दिलं, चहाचंही. अनु म्हणाली, "काका, हे लिहायची गरज नाही. कायद्याने तुमच्यावर काहीही येत नाही." मी म्हटलं, मला माहीत आहे. ठेचलेल्या बोटांनी सही नीट आली नाही.

शारदेला मात्र तोंडानेच सांगावं लागलं. तिच्या ओट्यावर बसून मी सांगितलं की भोंगा वाजला होता आणि बंद कर म्हणणारा मी होतो. ती धान्य निवडत होती. तिचे हात थांबले नाहीत. थोड्या वेळाने तिने विचारलं, "कै बजे ते?" मी वेळ सांगितली. "ऊ बेरा तौ लीला घरई में ती," ती म्हणाली. तिने एक खडा वेचून बाजूला टाकला.

पुढच्या वर्षी राखीच्या दुसऱ्या दिवशी मी खिरियाच्या घाटावर गेलो. लक्ष्मणने दोनला गेट उघडलं. या वेळी ते पडद्यावरही होतं आणि वहीतही. तीन चाळीसला पाणी आलं. बायकांनी द्रोण सोडले, पाती तोडली आणि वाटत निघाल्या. शारदेने अनुच्या कानामागे खोचली, कदमच्या हातावर ठेवली, तिवारीच्या धाकट्या भावालाही दिली, तो कोपऱ्यात उभा होता. मग ती माझ्यासमोर आली. मी वाकलो. तिच्या ओंजळीत पुष्कळ पाती होती.

ती क्षणभर थांबली आणि पुढच्या माणसाकडे गेली.